शेवटच्या कडव्यातले नाव

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले तीर्थपुरी हे रेल्वेमार्गावरचे गाव नाही. जालन्याला गाडीतून उतरायचे आणि पुढची वाट एसटीने किंवा जीपने धरायची. गोदावरीच्या या पट्ट्यातल्या गावांत चौदा एप्रिल उलटून गेल्यावरही जयंतीचे मांडव उभे असतात. वर्गणी जमलेली असते, निळ्या पताका लागलेल्या असतात आणि रात्री जेवणे आटोपल्यावर पेटी, ढोलकी आणि एक माइक एवढ्या सामग्रीवर गाण्याचा कार्यक्रम सुरू होतो. तो पहाटेपर्यंत चालतो. गाणारा अनेकदा जवळच्याच एखाद्या गावचा असतो. त्याने म्हटलेल्या गाण्यांत वामनदादा कर्डकांचे एकही गाणे नाही, असे सहसा होत नाही.

यात नवल वाटण्यासारखी एक गोष्ट आहे. वामनदादांच्या मागे कोणतीही ध्वनिमुद्रिका कंपनी नव्हती. त्यांच्या गाण्यांचा प्रसार करणारा व्यवस्थापक नव्हता, वितरक नव्हता. नाशिक जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेल्या आणि शाळेचा उंबरठाही न ओलांडलेल्या या गीतकाराची गाणी अर्ध्या शतकाहून अधिक काळ मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या वाड्यावस्त्यांवर गायिली जात आहेत. ती तिथवर पोहोचली कशी, आणि ती पोहोचत असताना गीतकाराच्या पदरात काय पडले, हा प्रश्न एका माणसापुरता नाही. मुंबई-पुण्याच्या संगीतव्यवसायाबाहेर, स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या प्रत्येक कलावंताचा तो प्रश्न आहे.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. लहानपण गुरे राखण्यात आणि मोलमजुरीत गेले. पुढे पोटासाठी मुंबई गाठली. गिरणगावात मिळेल ते काम करीत, शिवडीच्या बीडीडी चाळीत ते राहू लागले. एकदा कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता आले नाही, ही खंत त्यांना अक्षरांकडे घेऊन गेली. देहलवी नावाच्या गृहस्थांनी त्यांना मुळाक्षरे शिकविली आणि जोडाक्षरे त्यांनी दुकानांच्या पाट्या वाचत वाचत आत्मसात केली. ज्याच्या शब्दांवर पुढे विद्यापीठांत प्रबंध लिहिले गेले, त्याचे प्राथमिक शिक्षण हे असे रस्त्यावरचे आहे.

त्या काळात मुंबईच्या कामगार वस्त्या गाण्याने भारलेल्या होत्या. समता सैनिक दलाच्या कवायती, सभा, जलसे रोजचेच होते. १९४३ साली वामनदादांनी बाबासाहेब आंबेडकरांना नायगावात प्रथम पाहिले आणि त्याच वर्षी पहिले गीत लिहिले. ते एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. चित्रपटांत शिरकाव करावा ही हौसही त्यांना होती. ती अगदीच वाया गेली असे म्हणता येणार नाही. अनंत माने यांच्या १९५९ सालच्या ‘सांगत्ये ऐका’ या तुफान चाललेल्या चित्रपटात ग. दि. माडगूळकरांच्या गीतांच्या पंगतीला वामन कर्डक या नावाचेही एक गीत आहे. वसंत पवारांच्या चालीतले ते गीत आजही रेडिओवर ऐकू येते. ऐकणाऱ्या किती जणांना त्याचा गीतकार ठाऊक असतो, हा भाग वेगळा.

चित्रपटाची ती वाट पुढे त्यांची राहिली नाही. त्यांची वाट जलशाची होती.

जलशाची परंपरा

जलसा हा शब्द आज मेजवानीच्या अर्थाने वापरला जातो, म्हणून थोडे थांबून सांगायला हवे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातून प्रबोधनाचे विषय मांडायला सुरुवात केली. गण ठेवला, गौळणीऐवजी किंवा तिच्या रूपातच नवा आशय आणला आणि वगाच्या जागी सावकारी, भटशाही, शिक्षण यांवरचे संवाद आले. हा झाला सत्यशोधक जलसा. १९३० च्या दशकात त्याचाच वारसा घेऊन आंबेडकरी जलसा उभा राहिला. नाशिकच्या भीमराव कर्डक यांनी त्याचा पाया घातला. आडनावावरून आणि जिल्ह्यावरून वामनदादा आणि भीमराव यांची नेहमी गल्लत होते. भीमराव पिढीने आधीचे. त्यांचा जलसा म्हणजे अनेक नटांचा ताफा असे. वामनदादांच्या काळापर्यंत हा पसारा आटोपशीर होत होत एक गायक, दोन-तीन साथीदार आणि गाण्यांची वही इथवर आला.

हा बदल केवळ आवडीनिवडीचा नव्हता. दहा-बारा माणसांचा ताफा गावोगाव नेणे खर्चाचे काम असते. एका गायकाला एका रात्रीत बोलावणे लहान गावालाही परवडते. तीर्थपुरीसारख्या गावांपर्यंत, आणि त्याहून लहान वस्त्यांपर्यंत, आंबेडकरी गाणे पोहोचण्याचे पहिले कारण असे साधे, हिशेबाचे आहे.

दुसरे कारण चालीचे. वामनदादांची कित्येक गाणी लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवर बांधलेली आहेत. लोकगीत, भजन, लावणी, कव्वाली, हिंदी चित्रपटगीत यांपैकी जे कानाला परिचित असेल ते घ्यायचे आणि त्यात नवे शब्द बसवायचे. शहरी रसिकाला यात उसनेपणा वाटण्याचा संभव आहे. पण स्वरलिपी नसलेल्या, छापील गाण्यावर केवळ ‘चाल अमुक’ एवढाच निर्देश असलेल्या व्यवहारात ही चाल म्हणजेच गाण्याची वाहतूक असते. परगावच्या गायकाला गाणे शिकवायला कोणी जावे लागत नाही. त्याने शब्द पाहिले, वर लिहिलेली चाल वाचली की गाणे त्याचे झाले. श्रोत्यांनाही धृपद दुसऱ्याच फेरीत म्हणता येते. आणि ज्या गाण्याचे काम शेकडो माणसांना एका सुरात आणणे हे आहे, त्याला नवी कोरी चाल अडचणीचीच ठरते.

तिसरे साधन पुस्तिकेचे. सोळा किंवा बत्तीस पानांची, स्वस्त कागदावर छापलेली गीतपुस्तिका हे या चळवळीचे एक मोठे प्रकाशन माध्यम आहे आणि त्याची दखल वाङ्मयेतिहासाने फारशी घेतलेली नाही. सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर, विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, १९९४ नंतर चौदा जानेवारीला तेव्हाच्या औरंगाबादेत विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी या पुस्तिकांचे ढीग लागत आले आहेत. मराठवाड्याच्या खेड्यातून आलेला माणूस परत जाताना पिशवीत एखादी मूर्ती, एखादे कॅलेंडर आणि दोन-चार पुस्तिका घेऊन जातो. पुढल्या एप्रिलमध्ये त्या पुस्तिकेतली गाणी गावात वाजतात. वामनदादांचा पहिला गीतसंग्रह ‘वाटचाल’ १९७३ साली आला. पहिल्या गीतानंतर तीस वर्षांनी! ‘मोहळ’ १९७६ मध्ये आणि ‘हे गीत वामनाचे’ १९७७ मध्ये. ग्रंथरूप मिळेपर्यंत ही गाणी एक पिढी ओलांडून गेली होती.

एका रात्रीचा हिशेब

अशा गायकाचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय त्याची कारकीर्द कळत नाही. जयंती मंडळ घरटी वर्गणी गोळा करते. त्यातून मांडव, लाउडस्पीकर, जेवणावळ आणि गायक यांचा खर्च भागवायचा असतो. गायकाला इसार देऊन तारीख पक्की होते, बहुधा तोंडीच. कार्यक्रमानंतर ठरलेली बिदागी मिळते. जाण्यायेण्याचा खर्च कधी त्यात धरलेला असतो, कधी वेगळा. मुक्काम विहारात किंवा एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी. गाणे रंगले की श्रोत्यांतून नोटा येतात, देणाऱ्याचे नाव माइकवरून पुकारले जाते, आणि हा बक्षिसाचा ओघ काही वेळा बिदागीच्या बरोबरीला जातो. साथीदारांचे वाटे काढल्यावर उरते ते गायकाचे.

आता वर्षाचा विचार करावा. हंगाम चौदा एप्रिलला सुरू होतो. गायक मोजके आणि गावे अनेक असल्यामुळे जयंत्या पुढे पुढे सरकत बुद्धपौर्णिमेपर्यंत, कधी पहिल्या पावसापर्यंत चालतात. मग उघड्यावरचे कार्यक्रम थांबतात. विजयादशमीच्या सुमारास पुन्हा हालचाल सुरू होते, आणि नंतर एक जानेवारी, चौदा जानेवारी, सात फेब्रुवारीची रमाई जयंती असे टप्पे येतात. थोडक्यात, खरी कमाई दोन महिन्यांची आणि त्यावर बारा महिने काढायचे. तमाशा फडांना जशी यात्रांची तशी या गायकांना जयंत्यांची पुंजी. फरक एवढाच, की फडमालकाला तिकिटाचे उत्पन्न असते. जयंतीच्या मांडवाला तिकीट नसते आणि असूही नये अशीच सर्वांची भावना असते.

या व्यवहारात वामनदादांचे स्थान आणखी वेगळे होते. ते गायक होते तसेच गीतकार होते, आणि गीतकाराला या साखळीत वेगळा वाटा नव्हता. त्यांनी लिहिलेले गाणे दुसऱ्या गायकाने गायिले की त्या रात्रीची बिदागी त्या गायकाची. गाणे जितके लोकप्रिय, तितके ते गाणारे अधिक. आणि ते गाणारे जितके अधिक, तितकी मूळ गीतकाराला बोलावण्याची गरज कमी. चळवळीतल्या गायकाला गीत लिहून देताना त्यांनी हात आखडता घेतला नाही, असे त्यांच्या सहवासातल्यांनी वारंवार सांगितले आहे. त्यांच्या गीतांची संख्या हजारांत मोजली जाते. दहा हजारांचा आकडा नेहमी ऐकू येतो. आकडा काहीही असो, त्यांतली बरीच गाणी त्यांच्या स्वतःच्या वहीत राहिली नाहीत, इतरांच्या वह्यांत गेली.

त्यांच्या समकालीनांशी तुलना केली तर हे एकटेपण अधिक स्पष्ट होते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाला १९४४ पासून कम्युनिस्ट पक्षाच्या संघटनेचा आधार होता. रिपब्लिकन पक्षाची स्थापना १९५७ मध्ये झाली आणि लवकरच त्याचे गट पडू लागले. त्यामुळे आंबेडकरी गायकाला एकसंध पक्षयंत्रणेचा आधार मिळणे कठीण होते. वामनदादांनी नेत्यांच्या फाटाफुटीवर गाण्यांतून कोरडे ओढले, आणि तरीही सर्व गटांच्या वस्त्यांत ती गाणी म्हटली गेली. कोणाचाच मिंधा नसल्याचा हा फायदा. तोटा असा, की आजारपणात किंवा हंगाम बुडाला तर मागे उभी राहणारी संस्था कोणतीच नसते.

दुसरी तुलना प्रल्हाद शिंदे यांच्याशी करावी लागेल. पहाडी आवाजाचे हे गायक कव्वालीच्या फडांतून पुढे आले आणि ध्वनिमुद्रिका व नंतर कॅसेट यांमुळे घराघरांत पोहोचले. त्यांची विठ्ठलाची गाणी तर आषाढीला महाराष्ट्रभर वाजतात. भीमगीते आणि भक्तिगीते एकाच कंठातून दोन वेगळ्या श्रोतृवर्गांकडे गेली. कंपनीला विकता येईल असे त्यांच्यापाशी काय होते? आवाज. वामनदादांपाशी होते ते शब्द, आणि शब्द तर आधीच सर्वांचे झाले होते. योगायोग असा, की वामनदादांचे १५ मे २००४ रोजी नाशिक येथे निधन झाले आणि त्यानंतर लवकरच, जून २००४ मध्ये प्रल्हाद शिंदे गेले.

नाममुद्रा आणि कात्री

गाणे सर्वांचे होत असताना त्यावरची आपली खूण राहावी, यासाठी मराठी कवींपाशी एक जुना उपाय होता. तुकोबांच्या अभंगाच्या शेवटी त्यांचे नाव येते. राम जोशी, होनाजी, परशराम यांच्या लावण्यांच्या अखेरीस त्यांची किंवा गुरूची नावे येतात. गझलेत मक्ता असतो, तोही हेच काम करतो. वामनदादांनी हीच रीत पाळली. त्यांच्या गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हा शब्द गुंफलेला असतो, आणि तो नुसता चिकटवलेला नसतो. अर्थात, यमकात किंवा लयीत तो असा बसवलेला असतो की काढला तर ओळ लंगडते.

कागद नाही, नोंदणी नाही, करार नाही अशा व्यवहारात नाममुद्रा हाच स्वामित्वाचा दाखला असतो. गायक जालन्याचा असो की नांदेडचा, शेवटचे कडवे म्हणताना त्याला गीतकाराचे नाव उच्चारावेच लागते. मांडवातल्या माणसाला गीतकार कळतो. एका अर्थाने हे मानधनच, फक्त ते नावाच्या चलनात दिलेले.

ध्वनिमुद्रणाने या व्यवस्थेला धक्का दिला. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे बसे. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि तासाभराच्या कॅसेटवर, एका बाजूला अर्ध्या तासात, चार-पाच गाणी बसविण्याची पद्धत आली. मांडवात आलापी, शेर आणि निवेदनासह पंधरा मिनिटे चालणारे गाणे सहा मिनिटांत आणायचे तर कडवी गाळावी लागतात. आणि गाळायला सर्वांत सोपे कडवे शेवटचे. कॅसेटच्या वेष्टनावर गीतकाराचे नाव छापले तर ठीक; नाही छापले तर गाणे गायकाचे होते किंवा ‘पारंपरिक’ होते. जिवंत गीतकाराचे गाणे पारंपरिक ठरणे हा गौरव मानायचा की अन्याय, याचे उत्तर त्या गीतकाराच्या घरची चूल पाहून द्यावे लागते.

याच दशकात कॅसेट व्यवसायाने देशभर आणखी एक गोष्ट केली. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात अशी तरतूद होती, की एखाद्या गाण्याचे ध्वनिमुद्रण आधी झालेले असले की विहित सूचना देऊन व ठरलेले मानधन भरून कोणालाही त्याच गाण्याचे दुसऱ्या आवाजात ध्वनिमुद्रण करता येई. नव्या कंपन्यांनी जुनी चित्रपटगीते नव्या गायकांकडून गाऊन घेऊन मोठा बाजार मिळविला तो याच वाटेने. हिंदी चित्रपटसृष्टीत त्यावरून खटले झाले, कारण तेथे हक्क सांगणाऱ्या कंपन्या होत्या. जयंतीच्या मांडवातल्या गाण्यावर हक्क सांगायला वकील कोण लावणार?

येथे गुंतागुंत लपवून चालणार नाही. वामनदादांचे शब्द त्यांचे होते, पण ज्या गाण्यांना चित्रपटगीताची चाल होती ती चाल त्यांची नव्हती. कायद्याच्या दृष्टीने गीताचे शब्द, त्याची स्वररचना आणि त्याचे ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या मालमत्ता आहेत. परक्या चालीवरचे गाणे जसेच्या तसे ध्वनिमुद्रित केले तर चालीच्या मालकाचा प्रश्न येतो. नवी चाल लावली तर मांडवातली ओळख पुसली जाते. जे गुण गाण्याला गावोगाव घेऊन गेले, त्यांनीच बाजारात त्याची वाट अडवली. हे दोष कोणाचे नाहीत. दोन वेगळ्या व्यवहारांचे नियम एकमेकांत बसत नाहीत, एवढेच.

कायदा मांडवाच्या बाबतीत मात्र पुष्कळ उदार आहे. हौशी मंडळाने विनातिकीट श्रोत्यांसमोर केलेले सादरीकरण स्वामित्वहक्काचा भंग मानले जात नाही. गावातल्या तरुणांनी जयंतीला वामनदादांचे गाणे म्हटले तर कोणाची परवानगी नको आणि कोणाला पैसे द्यायला नकोत. वामनदादांना स्वतःलाही याहून वेगळे काही हवे असते असे वाटत नाही. प्रश्न येतो तो गाणे विक्रीला लागते तेव्हा.

२०१२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी गीतकार-संगीतकारांची बाजू लावून धरली होती. या दुरुस्तीने चित्रपटासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी गीत लिहून दिले, तरी त्याच्या पुढील वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनातला समान वाटा गीतकाराला सोडून देता येणार नाही, असे ठरले. करारात तसे लिहून घेतले तरी ते निरर्थक. दुसऱ्या आवाजातल्या ध्वनिमुद्रणाचे नियमही कडक झाले, दोन वर्षांची मुदत पाच वर्षांवर गेली. गीतकाराच्या शब्दांवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. या हिशेबाने वामनदादांच्या गीतांवरील हक्क २०६४ सालच्या अखेरीपर्यंत आहे. कागदावर ही भक्कम तटबंदी आहे. पण स्वामित्वधन वसूल करणाऱ्या संस्थेकडून पैसे मिळायचे तर सदस्य व्हावे लागते, प्रत्येक गीताची नोंद करावी लागते आणि ते आपले आहे हे दाखवावे लागते. ज्याची गाणी परक्यांच्या वह्यांत विखुरली, त्याच्यापाशी दाखवायला काय असते? पुन्हा तेच, शेवटचे कडवे.

पुराव्याचा हाच काच सरकारी मानधनाच्या बाबतीतही आहे. महाराष्ट्र शासन वृद्ध साहित्यिक व कलावंतांना दरमहा मानधन देते. ही योजना १९५० च्या दशकापासूनची आहे. तीत बराच काळ राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर कलावंतांची वर्गवारी होत असे. अर्जासोबत वय, उत्पन्न आणि कलाक्षेत्रातील कामगिरी यांची कागदपत्रे लागतात. तोंडी इसारावर चाळीस वर्षे गायिलेल्या माणसाकडे कार्यक्रमपत्रिका असते ती मंडळाने छापलेली, तीही एखाददुसरी जपून ठेवलेली असली तर. शास्त्रीय गायकाच्या संग्रही कात्रणे असतात, आकाशवाणीची करारपत्रे असतात. वस्तीवरच्या गायकाच्या घरी बहुधा ट्रंकेत एक वही असते.

वामनदादांना मानसन्मान मिळालेच नाहीत असे नाही. १९९३ साली वर्धा येथे भरलेल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या गीतांवर अभ्यास झाले, संपादने निघाली. तरीही मराठी गीतकारांची यादी करताना भावगीत आणि चित्रपटगीत यांपलीकडे न जाण्याची शहरी सवय मोडलेली नाही. आकाशवाणीच्या भावगीतांवर वाढलेल्या पिढीला हे नाव बऱ्याचदा उशिरा कळले. अनेकांना ते आनंद पटवर्धन यांच्या २०११ सालच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटानंतर कळले. तो माहितीपट १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर आत्महत्या करणारे शाहीर विलास घोगरे यांच्यापासून सुरू होतो आणि या साऱ्या गाण्याच्या जगात नेतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये लोकशाहिराची भूमिका वीरा साथीदार यांनी केली आणि त्याच्या तोंडची गाणी संभाजी भगत यांची आहेत. श्रेयनामावलीत गीतकाराचे नाव स्पष्ट आहे. पन्नास वर्षांत एवढे अंतर कापले गेले.

मराठवाड्यात पुढची पिढी वेगळ्या साधनांवर उभी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गातात. त्यांचा आवाज मोबाइलवरच्या चित्रफितींतून महाराष्ट्रभर गेला, आणि त्यानंतर त्यांना मोठ्या मंचांवर बोलावणी येऊ लागली. एका माणसाच्या हातातला फोन हीच आता कंपनी, हाच वितरक. गावातला मुलगा स्वतः गाणे लिहितो, तालुक्याच्या ठिकाणी लहानशा स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित करतो आणि त्याच रात्री प्रसिद्ध करतो. जुन्या पुस्तिकेप्रमाणेच ते कोणाच्याही हाती पडते. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच वाहिनीवर, दुसऱ्याच नावाने दिसू शकते. फरक असा, की आता मूळ चित्रफितीवर तारीख असते आणि तक्रार करण्याची सोय असते. ती सोय वापरायला मात्र इंग्रजीतले अर्ज भरता यावे लागतात.

वामनदादांच्या असंग्रहित गीतांचा शोध त्यांच्या निधनानंतरही चालू राहिला. हे काम वह्यांवर चालते: मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या, विदर्भातल्या गायकांच्या घरी जपलेल्या जुन्या वह्या आणि फाटक्या पुस्तिका. एकच गीत तीन वह्यांत तीन प्रकारे सापडते. एका वहीत दोन कडवी कमी, दुसरीत एक जास्तीचे, कुणा स्थानिक गायकाने घातलेले. अशा वेळी पाठ ठरविण्यासाठी संपादक आधी शेवटचे पान उलटतो. तिथे नाव सापडले तर पुढचे काम सुरू होते. न सापडले, तर ते गीत बाजूच्या ढिगात जाते.